रात्रीची प्रार्थना, सकाळची सही



घरातले मोठे निर्णय कुठे होतात, असं कुणी विचारलं तर आपण म्हणू, बैठकीच्या खोलीत, चार मोठ्या माणसांत. पण बाईच्या मनातला निर्णय बहुधा ठरतो तो रात्री, स्वयंपाकघर आवरून झाल्यावर. दिवसभर कुणी ना कुणी हाक मारत असतं. उशीवर डोकं टेकलं, की सकाळपासून बाजूला सारलेला प्रश्न उशाशी येऊन बसतो. मुलीच्या त्या स्थळाला होकार द्यावा का, नोकरी सोडावी का, आईला आपल्याकडे आणावं का? अशा वेळी पुष्कळ जणी हात जोडतात, ‘देवा, आता तूच वाट दाखव’ म्हणतात आणि छताकडे बघत पडून राहतात. वाट दिसतेच असं नाही, आणि झोपही लागत नाही.

या वेळी याच विषयावर लिहायला घेतलं, त्याला कारण झालं एक पत्र. वसई तालुक्यातल्या एका ख्रिस्ती भगिनीनं चार पानं भरून लिहिलं आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही. हकिगत मात्र त्यांच्या परवानगीनं सांगते.

त्यांचे यजमान बोटीवर नोकरीला आहेत, वर्षातले सात-आठ महिने घराबाहेर. सासऱ्यांच्या माघारी वाडी उरली आहे. विहीर, केळी, थोडा मोगरा आणि जुनं कौलारू घर. धाकटे दीर म्हणतात, विकून मोकळे होऊ या. एक बिल्डर तयार आहे आणि रक्कमही मोठी आहे. यजमानांनी बाईंच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलंय, ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणून. थोरल्या मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेतच. बिल्डरचा माणूस दर दोन दिवसांनी येतो आणि महिनाअखेर सही हवी म्हणतो. “संध्याकाळी घरात आम्ही सगळे मिळून रोझरी म्हणतो,” त्या लिहितात. “सगळी झोपली की मी पुन्हा एकटी अल्तारापुढे बसते आणि विचारते, विकू की नको? तीन आठवडे झाले. देव काही बोलत नाही. माझी श्रद्धा कुठे कमी पडते का?”

बाई, पहिल्यांदा हे सांगते की तुमची श्रद्धा कमी पडत नाही. तीन आठवडे रोज रात्री एका प्रश्नासमोर बसणं ही काही लहान गोष्ट नाही. मात्र तुम्ही जी प्रार्थना करता, ती ‘हो की नाही’ एवढंच उत्तर मागणारी आहे. निर्णयाच्या वेळी रात्रीची प्रार्थना कशी करावी, याची ख्रिस्ती परंपरेत एक जुनी आणि अगदी व्यवहारी रीत आहे. ती तुमच्यासाठी इथे सविस्तर देते. बाकीच्या मैत्रिणींनीही वाचावी. देवाला त्या ज्या नावानं हाक मारत असतील त्या नावानं मारावी. रीत उपयोगी पडेल.

दिवेलागणीची घंटा

ज्यांनी ख्रिस्ती घरातली संध्याकाळ पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. दिवेलागणीला कित्येक घरांत निरांजन लागतं आणि मुलं ‘शुभं करोति’ म्हणतात, तशीच कॅथलिक घरांतही ती वेळ देवाची असते. चर्चची घंटा झाली की एंजलसची लहानशी प्रार्थना म्हणायची, मग अल्तारापुढे मेणबत्ती लावून रोझरीची माळ. गोव्यात या माळेला तेर्स म्हणतात आणि ती संपली की मुलं घरातल्या मोठ्या माणसांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. नगर-सोलापूरकडच्या प्रॉटेस्टंट घरांत माळ नसते. तिथे बायबलातला एखादा उतारा वाचतात, भक्तिगीत म्हणतात आणि मग घरातलं कुणीतरी आपल्याच शब्दांत प्रार्थना करतं.

रात्र आणि निर्णय यांचं नातं बायबलाइतकं जुनं आहे. स्तोत्रसंहितेतलं चौथं स्तोत्र रात्रीचंच आहे. रागानं आणि काळजीनं तापलेल्या माणसाला ते सांगतं, की अंथरुणावर पडल्यावर आधी आपल्याच मनाशी बोल आणि स्वस्थ हो. देवाचं उत्तर ही त्यानंतरची गोष्ट. लूकच्या शुभवर्तमानात तर याहून मोठा प्रसंग आहे. बारा प्रेषित निवडायचे होते, त्याच्या आदल्या रात्री येशू डोंगरावर गेला आणि रात्रभर प्रार्थना करत राहिला. उजाडल्यावर त्यानं शिष्यांना बोलावून बारा जणांची नावं घेतली.

इथं एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. त्या बारांमध्ये यहूदाही होता. रात्रभर प्रार्थना करून केलेली निवड, आणि तिच्यातच पुढे दगा देणारा माणूस! तेव्हा ‘प्रार्थना केली म्हणजे सगळं सुरळीतच होईल’ अशी हमी बायबलही देत नाही. प्रार्थनेतून मिळतं ते निवड करण्याचं बळ आणि निवडीचा भार उचलण्याची तयारी. आणि निवड येशूनं केली ती सकाळी, उजेडात, सगळ्यांसमोर. हा क्रम लक्षात ठेवा.

अंथरुणाला खिळलेला शिपाई

आता जी रीत सांगते तिचा धनी एक स्पॅनिश सरदार. इग्नेशियस लोयोला त्याचं नाव, जन्म १४९१ चा. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. महिनोन् महिने तो भावाच्या घरी बिछान्यावर पडून होता. करमणुकीला शौर्याच्या आणि प्रेमाच्या कादंबऱ्या मागितल्या, तर त्या घरात दोनच पुस्तकं निघाली, एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतांच्या कथांचं. तीच तो पुन:पुन्हा वाचू लागला.

पडल्यापडल्या मनात दोन तऱ्हेचे विचार यायचे. कधी वाटायचं, बरं झाल्यावर दरबारात जावं, एका थोर घरच्या बाईची मर्जी संपादन करावी, पराक्रम गाजवावा. कधी वाटायचं, सगळं सोडून संतांसारखं राहावं. दोन्ही विचार येताना गोडच वाटत. फरक पडायचा तो मागाहून. दरबाराचे विचार गेले की मन कोरडं आणि असमाधानी व्हायचं. दुसऱ्या विचारांनंतर मात्र बराच वेळ समाधान टिकायचं. आपण स्वयंपाकघरातल्या बायका हे चटकन ओळखू. काही पदार्थ ताटात असताना फार छान लागतात आणि तासाभरानं आंबट ढेकर देतात. पदार्थ कसा होता हे पोट मागाहून सांगतं.

एवढ्या साध्या निरीक्षणातून त्यानं पुढे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक तयार केलं. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. त्यानं स्थापन केलेल्या येशूसंघाला, म्हणजे जेझुइट मंडळींना, १५४० मध्येच मान्यता मिळाली होती. याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. म्हणजे ही परंपरा आपल्या भाषेला चारशे वर्षांची ओळखीची आहे.

पाच पायऱ्या

इग्नेशियसच्या रीतीत दिवसाची उजळणी दुपारी आणि रात्री अशी दोनदा करतात. आपल्याला रात्रीची पुरे. पंधरा मिनिटं लागतात. दूधवाल्याचा हिशेब लिहायला बसतो तसं बसायचं. मन मोठं करायला हवं, आसन साधं चालतं.

पहिली पायरी आभाराची. आज जे चांगलं घडलं ते नाव घेऊन आठवायचं. ‘सगळ्याबद्दल आभार’ असं मोघम नको. शेजारणीनं डबा दिला, ताप उतरला, विहिरीला पाणी आहे, असं एकेक. चिंतेनं घेरलेल्या मनाला संकटच तेवढं दिसतं. बाकीचं दाखवून द्यावं लागतं.

दुसरी पायरी उजेड मागण्याची. ‘मला हवं ते दाखव’ असं म्हणायचं नाही. ‘जे आहे ते मला दिसू दे’ एवढंच मागायचं.

तिसरी पायरी दिवस पाहण्याची. सकाळपासून रात्रीपर्यंत दिवस सावकाश डोळ्यांपुढून न्यायचा. या निर्णयाची आठवण आज कधी झाली? त्या वेळी मन कसं होतं? कुणाशी बोलल्यावर हलकं वाटलं आणि कुणाशी बोलल्यावर पोटात गोळा आला?

चौथी पायरी चुकलेलं कबूल करण्याची. आज कुणाला तोडून बोलले, काय लपवलं, कुणाच्या भीतीनं खोटं बोलले, हे देवापुढे सांगायचं, क्षमा मागायची आणि विषय तिथं ठेवायचा. स्वतःला बडवत बसायचं नाही.

पाचवी पायरी उद्याची. उद्या या बाबतीत मी कोणतं एक लहान काम करणार? फोन, भेट, कागद शोधणं, काहीही. एकच.

या पंधरा मिनिटांनंतर दोन ओळी वहीत लिहून ठेवा. आज ‘विकावं’ वाटलं की ‘राखावं’, आणि त्या विचारानंतर मन कसं राहिलं. इग्नेशियसनंही वही ठेवली होती. १५४४ साली संघाच्या दारिद्र्यव्रतासंबंधी एक निर्णय करायचा होता, तेव्हा सुमारे चाळीस दिवस तो रोज प्रार्थना करून मनाची स्थिती टिपून ठेवत होता. एवढ्या मोठ्या संताला चाळीस दिवस लागले, मग तुमच्या तीन आठवड्यांचं काय एवढं! पंधरा दिवसांनी वही उघडलीत की एखादी गोष्ट पुन:पुन्हा आलेली दिसेल. ती आपल्याला एका रात्रीत दिसत नाही.

आपल्या मराठीतलंच उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई काही त्यांच्या पाठोपाठ गेल्या नाहीत. नवऱ्याचं मन, माहेरची माणसं, स्वतःचं सोवळं-ओवळं या साऱ्यांच्या ओढाताणीत त्यांची वर्षं गेली. स्वतःला पटलं तेव्हा, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मैत्रिणींना हे ठाऊकच असेल. कुणाचा निर्णय आपला म्हणून खपवायचा नाही, हे ती बाई आपल्याला शिकवून गेली.

खचलेल्या मनानं सही नको

इग्नेशियसच्या नियमांत एक नियम तर प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा असा आहे. मन उदास, कोरडं, अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. नवा निर्णय तर मुळीच करू नये. मन स्थिर होतं तेव्हा जे ठरवलं होतं त्यालाच धरून राहावं.

आता आपण काय करतो? रात्री अकराला, पाय दुखत असताना, मुलाशी भांडण झाल्यावर, यजमानांचा फोन लागत नसताना म्हणतो, ‘जाऊ दे, एकदाची करून टाकते सही.’ हा निर्णय थकव्याचा असतो. जे वाटेल ते रात्री वहीत लिहा, आणि जे करायचं ते सकाळी आंघोळ करून, चहा घेऊन करा.

दुसरा एक नियम तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावरून आठवला. बिल्डरचा माणूस म्हणाला ना, “साहेबांना बोटीवर कशाला त्रास देता, आपणच ठरवू”? इग्नेशियस म्हणतो, वाईट प्रवृत्ती एखाद्या भुलवणाऱ्या पुरुषासारखी असते. ‘हे वडिलांना सांगू नकोस, नवऱ्याला सांगू नकोस’ अशी तिची अट असते. गोष्ट उघडी पडली की तिचं बळ जातं. म्हणून शहाण्या, विश्वासू माणसाला ती सांगून टाकावी. तो बिल्डरचा माणूस वाईटच आहे असं मी म्हणत नाही. पण जिथं गुप्ततेची आणि घाईची अट येते, तिथं दार थोडं ओढून घ्यावं.

तीन कसोट्या

मन शांत असेल त्या दिवशी या तीन कसोट्या लावून पाहा. त्याही इग्नेशियसनंच सांगितलेल्या आहेत.

पहिली अनोळखी बाईची. तुम्ही कधी पाहिली नाही अशी एक बाई तुमच्याकडे हाच प्रश्न घेऊन आली. तिचं भलं व्हावं एवढीच तुमची इच्छा आहे. तिला काय सांगाल? जे तिला सांगाल ते स्वतःला सांगा.

दुसरी शेवटच्या घटकेची. आयुष्य संपत आलंय असं समजा. त्या वेळी मागं वळून पाहताना, ‘मी तेव्हा असं केलं असतं तर बरं झालं असतं’ असं कशाबद्दल वाटेल? घाबरून जाऊ नका. या विचारानं पैसा, प्रतिष्ठा, लोक काय म्हणतील, यांची खरी वजनं कळतात.

तिसरी दोन रकान्यांची. कागदावर उभी रेघ मारा. एकीकडे विकण्याचे फायदे-तोटे, दुसरीकडे राखण्याचे. आणि हे करण्याआधी तराजूचा काटा मधोमध आणा. म्हणजे, विकावी लागली तरी चालेल आणि राखावी लागली तरी चालेल, इथवर मन आणायचं. आधीच एका पारड्यात बोट ठेवून देवाला वजन विचारण्यात अर्थ नाही. मन मधोमध येत नसेल, तर काही दिवस तेवढंच मागा.

सासूबाईंना कुणी विचारलं?

आता बाई, थोडं स्पष्ट बोलते, रागावू नका. तुमच्या चार पानी पत्रात सासूबाई एकदाच येतात. “त्या काही बोलत नाहीत, माळ घेऊन बसलेल्या असतात,” एवढंच. नणंदेचं लग्न होऊन ती पालघरला असते, एवढाच तिचा उल्लेख. दिवसाची उजळणी करताना या दोघी तुमच्या डोळ्यांपुढे येतात का, ते पाहा.

हा केवळ मायेचा प्रश्न आहे असंही समजू नका. ख्रिस्ती कुटुंबांना महाराष्ट्रात १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. नवरा मृत्युपत्र न करता वारला आणि मागं पत्नी व मुलं असली, तर एकतृतीयांश हिस्सा पत्नीचा असतो. उरलेले दोनतृतीयांश सगळ्या मुलांना सारखे वाटले जातात, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. तेव्हा वाडी सासऱ्यांच्या नावाची असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर एकतृतीयांश वाडी त्या माळ घेऊन बसलेल्या सासूबाईंची आहे. नणंदेचा वाटा तुमच्या यजमानांच्या आणि दिरांच्या वाट्याएवढाच आहे. विकायची की नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय ठरतच नाही.

म्हणून देवाला प्रश्न विचारताना सोबत काही कागदही विचारात घ्या. सातबारा उतारा ताजा काढा, त्यावर कुणाकुणाची नावं लागली आहेत ते बघा. मृत्युपत्र आहे का ते पेटीत शोधा. यजमानांनी दिलेल्या कुलमुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार लिहिलेला आहे का, हे बिल्डरच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या वकिलांना दाखवा. ते वाचून होईपर्यंत टोकन म्हणून एक रुपयाही घेऊ नका. वाडी विकल्यावर सासूबाई कुठं राहतील, हे तोंडी नको, लेखी हवं. पुष्कळ जणींना वाटतं, प्रार्थनेत कायदेकागद आणणं बरं दिसत नाही. पण दुसऱ्या पायरीवर आपण ‘जे आहे ते दिसू दे’ असंच मागितलं होतं ना? मग सातबाराही त्यातच आला.

हे मात्र करू नका

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल त्या वचनावर निर्णय करायचा, ही सवय बऱ्याच घरांत आहे. मेणबत्ती विझली तर नाही, तेवत राहिली तर हो, असेही संकेत काही जणी धरतात. बायबलातल्या गिदोनानं लोकर ठेवून खूण मागितली होती हे खरं. पण लोकर भिजली आणि जमीन कोरडी राहिली, तरी त्याचं समाधान झालं नाही. दुसऱ्या रात्री त्यानं उलटी खूण मागितली. खुणेनं भीती जात नाही, आणखी एक खूण हवीशी वाटते. प्रेषितांनी यहूदाच्या जागी माणूस निवडताना एकदा चिठ्ठ्या टाकल्या. त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत चिठ्ठ्यांनी निवड केल्याचं पुन्हा कुठं येत नाही. पुढचे तंटे त्यांनी एकत्र बसून, बोलून सोडवले.

देवाच्या नावावर आपली जबाबदारीही ढकलू नका. ‘देवानंच सांगितलं’ असं म्हटलं की दीर, नणंद, मुली कुणालाच पुढे बोलता येत नाही. त्याऐवजी ‘मी विचार केला, प्रार्थना केली आणि माझं असं मत झालंय’ असं म्हणा. चूक झाली तर दुरुस्त करायला जागा राहते.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. काही प्रश्न महिनाभर वहीत लिहून ठेवायचे नसतात. घरात मारहाण होत असेल, मुलीला धोका असेल, तर तिथं ‘प्रार्थना करते आणि वाट पाहते’ हे चालणार नाही. आधी सुरक्षित जागी जा. ११२ किंवा महिलांसाठी असलेला १८१ हा क्रमांक फिरवा, शेजारणीला उठवा. प्रार्थना वाटेतही करता येते. तसंच झोप, भूक, जगण्याची इच्छाच कित्येक दिवस गेलेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तो आजार असू शकतो, आणि त्याला औषध आहे.

पुढचं एकच पाऊल

जॉन हेन्री न्यूमन नावाचे इंग्रज धर्मगुरू होते. २०१९ साली कॅथलिक चर्चनं त्यांना संतपद दिलं. १८३३ च्या जून महिन्यात, सिसिलीत मोठ्या तापातून उठून ते बोटीनं मायदेशी निघाले होते. वारा पडला आणि शिडाचं जहाज समुद्रात जागच्या जागी उभं राहिलं. त्या वेळी त्यांनी एक प्रार्थनागीत लिहिलं. अंधारात वाट दाखवणाऱ्या मायाळू प्रकाशाला त्यात विनवणी आहे. हे गीत महात्मा गांधींचं फार आवडतं होतं, त्यांच्या प्रार्थनासभांतही ते म्हटलं जाई. पुढची सगळी वाट उजळावी असा हट्ट त्यात नाही. मागणं अगदी लहान आहे, पावलापुरतं.

बाई, तुमचं पावलापुरतं मागणं काय असेल? माझ्या मते ‘विकू की नको’ हे आजच्या रात्रीचं पाऊलच नव्हे. आजचं पाऊल एवढंच, की रोझरी संपल्यावर सासूबाईंच्या शेजारी बसायचं आणि विचारायचं, “आई, तुम्हाला काय वाटतं?” आणि मग गप्प राहून ऐकायचं. त्या पहिल्या दिवशी बोलणार नाहीत कदाचित. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. कदाचित त्या म्हणतील, ‘माझ्या नातीला शिकवा, वाडीचं काय!’ कदाचित म्हणतील, ‘मला या विहिरीच्या काठी मरू द्या.’ त्या काय म्हणतील ते मला सांगता येणार नाही. पण त्यांचं ऐकल्यावर तुमचा प्रश्न आजच्यासारखा राहणार नाही, एवढं मात्र नक्की.

खाली एक छोटी प्रार्थना देते. पान कापून अल्तारापाशी किंवा देव्हाऱ्यात ठेवा आणि आपल्या सोयीनं शब्द बदला.

हे प्रभो, आजचा दिवस तुझ्यापुढे ठेवते. जे बरं घडलं त्याबद्दल तुझे उपकार मानते. जे माझ्या हातून चुकलं त्याची क्षमा कर. माझ्यापुढे एक प्रश्न आहे, तो तुला ठाऊकच आहे. मला काय हवंय ते मी लपवत नाही. पण माझ्या हट्टापासून मला मोकळं कर. जे खरं आहे ते मला दिसू दे, मग ते मला आवडो वा न आवडो. ज्यांचं मी अजून ऐकलेलं नाही त्यांचं ऐकण्याचं धैर्य दे. घाई करणाऱ्यांची भीती माझ्या मनातून काढ. उद्याचं एक काम मला दाखव, आणि आजची रात्र मला झोप दे. आमेन.

आणि एकदा सगळ्यांशी बोलून, कागद पाहून, चार शांत सकाळी तोच विचार टिकला, की निर्णय करा. विकायचं ठरलं तर भर दिवसा, वकिलांसमोर सही करा. राखायचं ठरलं तर बिल्डरच्या माणसाला नीट, स्पष्ट शब्दांत नकार द्या. त्यानंतर मात्र रोज रात्री ‘बरोबर केलं ना मी?’ असं विचारत बसू नका. विरजण लावलं की भांडं पुन:पुन्हा हलवून बघायचं नसतं, हो ना? झाकण ठेवायचं आणि निजायचं.